लाईट गेली तर

टेबलावर आडवी होताना मी डॉक्टरांना विचारलं,
मध्येच लाईट गेली तर?
हसले ते. युपीएस आहे, जनरेटर आहे,
आणि नांदेडात या भागात जात नाही हो सहसा.
मी काही बोलले नाही.
जाते. कशी जाते ते मला माहीत आहे.
जंपरवर खारूताई बसते, फीडर ट्रिप होतो,
अन् तीन गावांच्या चक्क्या एकदम गप्प होतात.
मग फोन मला येतो.

दोन उन्हाळ्यांमागं, बोरीच्या शिवारात,
पोल नंबर सत्तेचाळीसवर
घामानं चष्मा नाकावरून घसरला
आणि गेला.
पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही.
मी पट्ट्यात लटकलेली, उणे साडेसात,
समोर तारा तीन होत्या त्या सहा झालेल्या.
परमिट घेतलं होतं, लाईन बंद, अर्थिंग टाकलेलं,
तरी हात पुढं जाईना.
खाली सटवाजी ज्वारीच्या धसकटांत रांगत होता.
‘मॅडम, एक काच सापडली.’
एक काच.
ती त्यानं रुमालात गुंडाळून दोरीनं वर पाठवली.
एका डोळ्यावर धरून
मी उतरले, पायरी-पायरीनं, आंधळ्या कोशिंबिरीतल्या पोरीसारखी.

त्या दिवसापासून पैसे बाजूला टाकले. चौदा महिने.
आई म्हणाली, एवढ्यात दुभती म्हैस आली असती.

थेंब टाकले. पापण्या चिमट्यानं उघड्या धरल्या.
डोळा उघडा अन् मिटायची सोय नाही,
कडी नसलेल्या न्हाणीत उभं राहावं तसं.
मग एक कडं बसलं, दाब आला,
आणि दिसणंच गेलं.
अंधार नव्हे. अंधार माझ्या ओळखीचा,
त्यात निदान बॅटरी असते हातात.
इथं हातसुद्धा कुठं होते कोण जाणे.

परत आलं तेव्हा एक हिरवा ठिपका,
विहिरीत पडलेल्या बटणासारखा.
त्याच्याकडंच बघा, कुणीतरी म्हणालं.
टिकटिक टिकटिक
आणि वास.
वायर जळाल्याचा नाही, तो मी झोपेतही ओळखीन.
केस जळाल्याचा. पण केस नव्हते ते,
मीच होते,
केसाहून बारीक सोलली जात असलेली.
सिस्टर आकडे मोजत होती. एका डोळ्याला अठरा सेकंद.
अठरा सेकंदांत मला फ्यूजसुद्धा बदलता येत नाही.

वसमतच्या स्टँडवर संध्याकाळी
प्रत्येक दिव्याला झिपऱ्या फुटलेल्या.
काळ्या गॉगलात मी, शेजारचा माणूस कुजबुजला,
डोळे आलेत वाटतं, सरकून बस.

सकाळी हात उशीखाली गेला. तिथं काही नव्हतं.
अन् वर पत्र्याचे खिळे मोजता येत होते.
एकोणीस. त्यातला एक गंजलेला.
जन्मापासून मी या पत्र्याखाली झोपते,
मला वाटायचं पत्रा नुसता असतो.

महिन्यानं पुन्हा सत्तेचाळीस नंबर.
ऑफिसात म्हणायचे, पोरगी वाघ आहे, उंचीला भीत नाही.
मीही मानायचे तसंच.
खरं ते आज वर आल्यावर कळलं:
चष्म्याच्या काठाखाली कधी जमीनच नसायची.
नुसता भुरा रंग, गोधडीइतका मऊ,
पडले तर झेलेल असा.

आज खाली बघितलं
आणि जमीन होती.
धसकटांची एकेक टोकं,
सटवाजीच्या टकलावरचा घाम,
दगड, आणखी दगड, त्यांच्या कडा.
पाय लटपटले, नोकरीत पहिल्यांदा.
हात सवयीनं नाकाकडं गेला चष्मा सरकवायला,
रबरी मोजा नाकाला लागला फक्त.

‘तारा किती दिसायल्यात मॅडम?’
खालून चिडवतो तो.
तीन, मी सांगते. तीनच आहेत.
थांब जरा, बडबडू नको,
पट्टा आधी अजून एक घर आवळू दे.