राई

हॅलिफॅक्स, नोव्हेंबर, साडेतीनलाच अंधार.
खुर्चीत मिस्टर बॅरक्लफ,
हयातभर घड्याळं दुरुस्त करत आलेले.
भिंग डोळ्यांवर ओढते:
दाढ अंगणाएवढी होते.
हवेचा झोत देते तेव्हा
हिरडीलगत खडूचा ठिपका,
इतका वेळ थुंकीत लपून बसलेला.

पूर्वी मी ड्रिलच उचललं असतं.
भिंग राईचा पर्वत करतं;
ती राईच आहे
हे हाताने लक्षात ठेवायचं.

“उघडणार?” कापसाआडून ते विचारतात.
“नाही. फ्लोराइडचा लेप लावते. चहातली साखर सोडा,
तीन महिन्यांनी पाहू.”

“मीही,” ते म्हणतात, “धूळ दिसली तरी
चाक फिरत असेल तर
नुसती फुंकर मारायचो.”

जाताना मात्र भिंतीकडे बघत थांबतात:
“तुमचं घड्याळ चार मिनिटं मागे आहे.”