गगनबावड्यापर्यंत

अण्णांनी डॉक्टर शिराळकरांची जुनी फियाट घेतली
आणि त्या मे महिन्यात घरात ठरलं : समुद्र.
पहाटे पाच. रंकाळ्यावर अजून अंधार.
पुढे आई, पायाशी जेवणाचा डबा.
मागे आम्ही तिघं, तानूआत्या,
आणि ट्रकच्या चाकाची काळी ट्यूब, आधीच फुगवलेली,
कारण सयाला धीर नव्हता.
जागा होईना म्हणून आत्या ट्यूबच्या आत बसली,
नुसतं डोकं वर.

पहिला थांबा फुलेवाडी. हवा बघायची होती.
दुसरा बालिंग्याच्या पुलाअलीकडे.
हवा पुन्हा बघायची होती.

कळ्यात अण्णा म्हणाले, इथला चहा चुकवायचा नाही.
चहा साधाच होता.

पुढे एक बंद गुऱ्हाळ. हंगाम कधीच संपलेला,
चिपाडाच्या ढिगावर कुत्रं निजलेलं.
अण्णांनी रिकामी काहिल दाखवली,
गूळ कसा होतो ते सावकाश सांगितलं.
आम्ही कोल्हापूरची पोरं, ढेपेला टेकून वाढलेली,
तरी ऐकून घेतलं.

मांडुकलीला बॉनेट उघडलं. उघडून नुसतेच बघत राहिले.
उद्यमनगरात सतरा वर्षं लेथवर,
इंजिनातलं काय दुखतंय ते आवाजावरून सांगणारा माणूस.
मग बॉनेट मिटलं, हळू,
झोपलेल्या पोरावर पांघरूण घालावं तसं,
आणि तळवे विजारीला पुसले.

असळजच्या पुढे करवंदं, पानाच्या द्रोणात.
अण्णांनी त्या बाईला भाव विचारला नाही,
विचारलं, घाटात गाड्या पडत्यात का हो?
पडत्यात की, ती म्हणाली,
मागल्या शनवारी साखरंचा ट्रक गेला.
मुंग्यांची दिवाळी हाय खाली.
सया हसला. अण्णांनी सुटे पैसे परत घेतले नाहीत.

गगनबावड्याला वारा गार,
गडावर ढगाची एक चिंधी अडकलेली.
रस्ता पुढे जाऊन वळत होता आणि दिसेनासा होत होता.
अण्णांनी चहा घेतला. मग पान. मग परत चहा.
वैभववाडीची एसटी शेजारून उतरून गेली,
तिचा हॉर्न वळणावळणाला खालून ऐकू यायचा,
दर वेळी लहान होत.
अण्णा तो मोजत होते, ओठ हलत होते.

तेव्हा आई म्हणाली,
मी काय म्हणतो, हितंच जेवूया.
मला लई मळमळाय लागलंय.
उभ्या एसटीत मेथी निवडणारी माझी आई.
धपाटी, दही, शेंगदाण्याची चटणी,
कांदा बुक्कीनं फोडलेला.
मळमळणाऱ्या बाईनं तीन धपाटी खाल्ली
आणि सयाकडं बघून म्हणाली,
समुद्र काय पळून जातोय व्हय?

परतीला गाडी कुठंच थांबली नाही.
अण्णा शीळ घालत होते, चाल कुठलीच नाही.
कुंभीच्या काठाला उतरलो, गुडघाभर पाणी.
आत्या नऊवारीसकट ट्यूबमध्ये,
या खेपेला पाय वर, डोळे मिटून,
म्हशींच्या मधून गोल गोल फिरत.
वैजूनं ओंजळ चाटली. रडवेली झाली.
खारट न्हाई.
आईनं डब्यातली मिठाची पुडी सोडली,
तिच्यासमोर नदीत ओतली.
आता बघ.
वैजूनं बघितलं. बराच वेळ जीभ बाहेर.
मग मान हलवली, हो.

ती फियाट आम्ही नऊ वर्षं वापरली.
सांगली, मिरज, जयसिंगपूरची लग्नं,
जोतिबाला पायथ्यापर्यंत.
समुद्राचं परत कुणी काढलं नाही.
वैजूला विचारलं तर अजून म्हणते, बघितलाय की लहानपणी.

परवा करूळ उतरायचा होता.
पहिल्या वळणाआधी मी गाडी बाजूला घेतली.
काय झालं, पोरानं मोबाइलमधून मान न काढता विचारलं.
काही नाही, म्हटलं.
हवा बघायचीय.