पाण्याचा हिशेब

युद्धात माझे आजोबा पाण्याची लॉरी चालवायचे,
पॅराग्वेच्या बाजूनं, चाकोच्या रानात,
जिथे झाडाला पानांपेक्षा काटे जास्त
आणि धूळ पिठासारखी घशात बसते.
माणशी अर्धी बुधली. खाली आजोबांची सही.
ती वही अजून माझ्याकडे आहे:
तारीख, तुकडी, पिंपं, सांडलेलं.
'सांडलेलं'च्या रकान्यात
तीन वर्षांत एकच आकडा,
त्याच्यापुढे कारण लिहिलेलं नाही.

घरी आम्ही नातवंडं
पेल्याच्या तळाशी घोट ठेवून उठलो, तर
आजोबा रागवायचे नाहीत.
येऊन तो घोट पिऊन टाकायचे,
मग पेला तोंडावर उपडा धरून
शेवटच्या थेंबाची वाट बघत उभे राहायचे.
आम्ही हसायचो.

ते गेल्यावर बिस्किटांच्या डब्यात घड्याळ सापडलं.
आईनं सांगितलं, चुलीकडे तोंड करून:
बोलिव्हियाचे कैदी होते, थंड पठारावरचे,
अंगात लोकरीचे गणवेश, ओठ चिरलेले.
एकानं मनगट पुढे केलं.
आजोबांनी घड्याळ घेतलं, बुधली दिली.
भरलेली होती का, मी विचारलं.
तेवढं त्यांनी कधी सांगितलं नाही, आई म्हणाली.

आता दरवर्षी आम्ही जमतो,
इकडची नातवंडं, तिकडची नातवंडं,
सीमेलगतच्या एका शाळेच्या पटांगणात.
मंडपावर दोन झेंडे, मध्ये कापडाचं कबुतर,
त्याचा एक पंख यंदा वाऱ्यानं सुटला होता.
महापौर बोलत होते. 'बंधुभाव' हा शब्द
मी सात वेळा मोजला. सवय. घरचीच.

नेमेसिओ तार्की ओरुरोहून आला, दोन दिवस बसनं.
त्याचा आजोबा इथेच राहिला,
नेमका कुठे, ते कुणालाच ठाऊक नाही.
मी घड्याळ पुढे केलं.
रात्रभर जुळवलेलं वाक्य
अर्ध्यावर विसरले.
त्यानं ते उलटंपालटं केलं, कानाला लावलं,
परत दिलं.
'आमच्या आजोबाकडे घड्याळ नव्हतं, सेल्साबाई.
खाणीवर भोंगा असायचा.'

यावर काय बोलणार?
त्याचा आजोबा आयमारा बोलायचा, माझे ग्वारानी.
एकमेकांचा कळला असेल तर खोकला तेवढा.
आम्ही दोघं स्पॅनिशमध्ये गप्प बसलो.

मग मी तेरेरे केलं. दुसरं काय येतं मला!
शिंगाच्या पेल्यात पाला, वर बर्फाचं पाणी,
सगळ्यांना मिळून एकच नळी.
पहिला पेला पाहुण्याला दिला.
त्यानं नळीला तोंड लावलं नाही.
वाकला, आणि पेला तिरका करून
एक धार मातीत सोडली. थोडा पालाही गेला.

माझ्या अंगातून आजोबा उठले.
खरंच सांगते, माझा हात पुढे झाला होता
त्याचं मनगट धरायला.

'आधी तिला,' जमिनीकडे बघत तो म्हणाला,
'मग आपण. आमच्यात असंच.'
आणि प्याला. गारठ्यानं दाढा ठणकल्या असाव्यात,
तोंड वाकडं केलं, पुन्हा प्याला.

पाळी माझी आली.
भरलेला पेला मी बराच वेळ धरून बसले.
मंडपात कुणीतरी माइक तपासत होतं,
एक दोन, एक दोन, एक दोन.
मग मीही सांडलं.
फार नाही. त्या कुणाच्या तरी वाटचं,
ज्याचं घड्याळ माझ्या पिशवीत
पावणेचारला बंद पडलेलं आहे.

ओल टिकली नाही.
आमच्या डोळ्यांदेखत जमिनीनं ती ओढून घेतली,
तळहाताएवढी होती, नाण्याएवढी झाली,
मग नुसती जरा गडद माती, मग तीही नाही.
नेमेसिओनं पेला माझ्याकडे सरकवला.
'अजून आहे ना?'