मेण

अल ऐनच्या बागेतून मोतालेबने पान आणलं
खलास खजुराचं, ओल्या गोणपाटात गुंडाळून,
आजारी पोर दवाखान्यात आणावं तसं.
"आपा, याच्यातून काय निघणार?"
"अक्षरं," मी म्हटलं.
तो हसला. फलजमध्ये पाय धुऊन आला होता,
फरशीवर ओले ठसे, दारापासून फ्रीजपर्यंत.

रात्री अडीचला यंत्राने अक्षरं ओकली.
त्यांच्याखाली मी भाताची ओळ लावली,
मग गव्हाची, पीचची,
शेवटी एका शेवाळाची,
ज्याचं कूळ फुलांच्याही आधीचं.
सगळं बदललेलं. इथे एक अक्षर गळालं, तिथे तीन घुसली,
कारकुनागणिक आडनाव बिघडत जावं तसं.
फक्त सिस्टीन जागचं हललं नाही.
आठ सी, एकाखाली एक,
गवंड्याने ओळंबा सोडावा तसे.
तिसरा-चौथा खेटून,
पाचव्या-सहाव्यात एकच परका.
आठांचे चार पूल होतात
आणि आत उरते पोकळी,
स्निग्धाचा एक धागा मावेल एवढीच.

तो धागा वाहून नेतं हे प्रथिन,
पानाला मेण चढवतं, असं म्हणतात.
डॉक्टर इख्लास म्हणाल्या,
"'असं म्हणतात' हेही लिही."
लिहिलं.

आमच्याकडे न टिकणाऱ्याला
अळवावरचं पाणी म्हणतात.
बाबा गेले तेव्हा मीही म्हटलं,
नवऱ्याचा करार संपला तेव्हाही.
घरंगळणारा थेंब सगळ्यांनी पाहिला,
खालचं मेण कुणी पाहिलं नाही.
थेंबाला टिकू न देणारं ते
चाळीस कोटी वर्षं टिकून.

आणि मागच्या शुक्रवारी
निनादने अर्धं पीच खाल्लं.
ओठ सुजले, डोळे मिटले, श्वास शिट्टीसारखा.
इमर्जन्सीतल्या डॉक्टरने जे नाव घेतलं
ते माझ्याच पडद्यावरचं होतं.
शिजवून विरत नाही, पोटात विरत नाही,
ज्या चार पुलांचं मला कौतुक
त्याच पुलांनी घट्ट.
इतक्या जुन्या पाहुण्याला
माझ्या लेकाच्या रक्ताने चोर ठरवलं.
इंजेक्शननंतर तो झोपला. मी बसून राहिले,
हाताला पीचचा वास.

पहाटे मोतालेब परत आला.
"उरलेलं पान नेऊ का? मुकादमाची शेळी आहे."
बाटलीतलं पाणी मी पानावर शिंपडलं.
"अजून धरत नाही," तो म्हणाला,
पान झटकलं, काखेत मारलं आणि गेला.