नियम चौथा

पहिला : शेजाऱ्याची रेघ जिथे थांबते
तिथूनच तुमची निघते.
दुसरा : कुणाची रेघ कुणी ओलांडायची नाही.
तिसरा : तोंड बंद. हसू आलं तर खाली बघून हसा.

आग्नेल सरांनी फळ्यावर एवढंच लिहिलं
आणि खडूचा हात पँटीला पुसला.
वेंगुर्ल्याच्या बंदर रस्त्यावर
पूर्वी काजू भाजायचे त्या शेडमध्ये आमचा डिझाइनचा वर्ग.
भिंतींना अजून टरफलाचं तेल सुटतं,
शर्ट टेकला की डाग कायमचा.

बावीस फूट कागद जमिनीवर,
चार कोपऱ्यांना चार चिरे,
आणि दोन्ही अंगांनी गुडघ्यांवर आम्ही
मोजून बारा, म्हणजे
हजेरीपटावर बारा.

समीना मुकादमची रेघ तिच्या अक्षरासारखी,
उजवीकडे कललेली.
प्रेसिलाची थरथरते,
पाचवीत चित्रकलेला नापास केलेलं
तिच्या मनगटाला अजून आठवतं.
हर्षल कोनकर काढतो
ओल्या लादीवरून चालावं तशी.

माझ्या डावीकडे येऊन सगळं थांबलं.
तिथे विघ्नेश बसायचा.
नारळी पौर्णिमा झाली, नारळ पाण्यात पडला
आणि तो काकाच्या ट्रॉलरवर गेला,
सहा महिन्यांसाठी की कायमचा
हे त्याच्या घरच्यांनाही नीट सांगता आलं नाही.
त्याचा बोर्ड अजून खिळ्याला.

माझी पेन्सिल हवेतच.
सर आले, उकिडवे बसले,
रिकाम्या लादीकडे बघत राहिले
वजाबाकीत हातचा राहून गेल्यासारखे.
मग उठून फळ्यावर
चौथा : शेजारी नसेल तर
त्याच्या हाताएवढं कोरं सोडा.

झालं. तिसरा नियम तिथेच मोडला.
‘केवडो हात त्याचो?’
‘माज्यापेक्षा मोटो.’
‘काय तरीच!’
प्रेसिला म्हणाली, त्याच्या पंज्यात
बांगडा शेपटीसकट मावायचा, तिने बघितलंय.
कधी, कुठे, हे कुणी विचारलं नाही.
आम्ही खाली बघून हसलो.

म्हणून मग एक बांगडा कोरं.
माझी रेघ त्याच्या पलीकडून निघाली,
कुणाच्या मागून, ते तिला ठाऊक नव्हतं.
फेरी सरली की पुन्हा समीना,
पुन्हा ती थरथर, पुन्हा एक बांगडा.
दुपारी वीज गेली, पंखा थांबला,
घामाचा थेंब कागदावर पडला.
त्याला वळसा घालायचा की नाही
हे नियमात नव्हतं. आम्ही घातला.

सांजेला माळ्यावर चढून पाहिलं तर
रेघांची झाली होती ओहोटीतली पुळण
आणि मधून एक वाकडी पांढरी वाट
थेट कागदाच्या कडेपर्यंत.
‘खाडी,’ समीना म्हणाली.
‘तडा गेलेली भिंत,’ हर्षल.
सर काहीच म्हणाले नाहीत,
खिशात खडू शोधत राहिले.

मला सागरेश्वरच्या वाळूतले ते खेकडे आठवले,
नखाएवढे.
वाळू चाखतात, गोळी करतात, मागे टाकतात,
कुणी शिकवल्यासारखा
शेकडो गोळ्यांचा पसारा मांडतात भोवती,
पण बिळापर्यंतची एक वाट मोकळी ठेवतात.
पाऊल वाजलं की तीच कामाची.

मार्गशीर्षात एका शनिवारी विघ्नेश आला.
अंगाला डिझेलचा वास,
दोरीने सोललेली बोटं,
चप्पल दाराबाहेर, पाहुण्यासारखी.
कागद भिंतीवर होता, तेल पिऊन पिवळा पडलेला.
कुणी काही सांगितलं नाही.
त्यानेच कोऱ्या जागेवर पंजा ठेवला.
अंगठा एका रेघेवर चढला,
करंगळी दुसरीवर.

‘ह्या कशान मोजलात?’

आम्ही सांगितलं.
प्रेसिला छपराची कौलं मोजत होती.

‘बांगडो लहान होतो मरे,’
तो म्हणाला,
आणि हात तिथून काढेना.