बाजूनं जाणारी हवा

मिहानच्या हँगरात इंजिन उघडं पडलंय स्टँडवर.
दिवसभर मी त्याच्या घशात
दोरीएवढा कॅमेरा सोडून
पात्यांच्या कडा तपासते.

रात्री गच्चीवर बाबांना फोटो दाखवला.
"खाते काय हे?"
सक्करदऱ्यात चाळीस वर्षं कुलर बांधले त्यांनी;
पंखा म्हटलं की पंप, खस, आणि वेल्डिंगच्या ठिणग्या.

हवाच खाते, बाबा.
दाबते, पेटवते, मागं फेकते.
जुनी लढाऊ विमानं सगळी हवा जाळायची,
म्हणून तर अख्खं सोनेगाव कानांवर हात ठेवायचं.
छोट्या विमानात आग नुसता दांडा फिरवते,
ओढायचं काम नाकावरच्या पंख्याचं.
एकात तर पातंच नसतं,
वेगच हवेला दाबतो.
पण उभ्यानं ते निघत नाही,
आधी कुणीतरी ढकलून द्यावं लागतं.

"आपल्या प्रमोद्यासारखं."

आणि हे, फोटोतलं?
यात दहातली नऊ हवा आगीजवळ जातच नाही,
बाजूनं निघून जाते, थंडच.
विमान ढकलते मात्र जास्त करून तीच.

बाबा बराच वेळ बोलले नाहीत.
खाली कुलरची टाकी भरून वाहू लागली.
उन्हात हवा विरळ होते, धावपट्टी जास्त लागते,
हे सांगायचं राहूनच गेलं.

"मंग आग कायले पायजे?"
पंखा फिरवाले, बाबा.

त्यांनी मनगटावरचे जुने डाग
अंगठ्यानं चोळले.
"हो ना," म्हणाले,
"कोणाले तं जळा लागते."
आणि कॉक बंद करायला
खाली उतरले.