थुंकी आणि खोबरेल

बार्जवर नावं रंगवायचो मी, झुआरीकाठच्या यार्डात.
खाणी थांबल्या, बार्जी गाळात रुतल्या,
आणि तेच ब्रश घेऊन फोनोग्राफांच्या नादी लागलो.
गंज तोच. इथे फक्त हळू बोलतो.

एर्मेलिंदबायचा कर्णा असोळण्याहून आला
रिक्षात, चादरीत गुंडाळून, आजाऱ्यासारखा टेकवून.
बाहेरून डांबर. आतूनही डांबर.
"बापायनं फासलं. एकसष्टच्या डिसेंबरात.
विमानं फिरत होती; म्हणाला, चमकेल.
होडीसाठी तापवलेलं, त्यातलंच उरलेलं."

रॉकेल नाही. थिनर तर नाहीच.
घाई केली की सोनेरी रेघ आधी जाते,
लाखेच्या एका श्वासावर उभी असते ती.
रात्रभर खोबरेल लावून ठेवायचं,
सकाळी डांबर माडाच्या गुळासारखं मऊ.
बांबूच्या कामटीनं उचलायचं,
मग कापूस, आणि थुंकी.
हो, थुंकी. यार्डातले हसले असते.
पण इतकं बेताचं पाणी दुसरं नाही.
सोलकढी प्यालो असलो तर तासभर थांबतो.

तिसऱ्या आठवड्यात एक निळी पाकळी.
मग देठ. मग पिवळा, इतका ओला वाटणारा
की मी बोट अंगरख्याला पुसलं.

शेजारच्या क्रूझबाबकडे असाच कर्णा आहे.
दर फेस्ताला चिंच, राख, कौतुक.
आता नुसता पत्रा, औषधालाही फूल नाही.
आणि हा साठ वर्षं माळ्यावर उपडा,
कोंबड्या बसायच्या याच्यावर;
खारा वारा आला असेल, हात लावून गेला असेल.

कडेला एका जागी मात्र डांबर पोचलंच नव्हतं.
तळहाताएवढा गंज, मधोमध आरपार भोक.
लांबी भरून तिथं एक पाकळी काढायची,
निळा कालवूनही ठेवला होता मी.

बाय आली. चष्मा पुसला. बराच वेळ काही नाही.
मग त्या भोकात करंगळी घातली.
"कंदील माझ्या हातात होता रे.
सात वर्षांची. डुलकी लागली मला."

गंजावर फक्त मेण फिरवलं,
आणि कर्णा पुन्हा चादरीत बांधला.

निळा उरला वाटीभर.
सायकलच्या मडगार्डला लावून टाकला.